रेडिओतली खरखर आणि आपल्या घरातली उपकरणे
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यान म्हटले की लोकमान्य, नाहीतर संतवाङ्मय, आणि अलीकडे मधुमेह, अशी आपल्याकडची रीत आहे. तिन्ही विषयांवर आमच्यापेक्षा चांगले बोलणारे इथेच समोर बसलेले आहेत. म्हणून आम्ही आज खरखरीवर बोलणार आहोत. रेडिओ लावला की येते ती, फोन जवळ आला की स्पीकरमधून येते ती, आणि आरतीला ऐन "जय देव जय देव"च्या वेळी माईकमधून येते ती. डिप्लोमाला शिकलेले थोडेफार इथे उपयोगी पडते, एवढाच आमचा अधिकार.

पहिल्यांदा रेडिओ. आता रेडिओ ऐकतो कोण, असे तरुण मंडळी म्हणतील. आपल्या घरांत अजून ऐकतात, आणि त्याला कारण आहे. परसवाड्यात मराठी कानावर पडण्याचे रस्ते किती आहेत? शाळा हिंदी, बाजार हिंदी, कचेरी हिंदी. घरात आई-वडील बोलतात तेवढी मराठी, त्यातही निम्मी हिंदी मिसळलेली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही आपलीच राजधानी होती. त्या दिवशी नागपूर तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. पण नकाशावर रेघ ओढली म्हणून लहरी थोड्याच थांबतात! नागपूरचे आकाशवाणी केंद्र जुलै १९४८ मध्ये सुरू झालेले. त्याची मध्यम लहर ५८५ किलोहर्ट्झवर. इथून नागपूर सरळ रेषेत मोजले तरी दीडशे किलोमीटरच्या वर भरते. मधे वैनगंगा, मधे डोंगर. पण ५८५ किलोहर्ट्झची एक लाट सुमारे ५१३ मीटर लांबीची असते. एवढी लांब लाट जमिनीला धरून चालते, डोंगर आडवा आला तरी वळसा घालून येते. एफएमची लाट तीन मीटरांची. तिला डोंगर आडवा आला की ती तिथेच संपते. म्हणून आपल्या घाटमाथ्यावर मराठी बातम्या, भजने, नाटके पोचवली ती या मध्यम लहरीने. आपल्यातल्या कितीतरी घरांत पहिली शुद्ध मराठी पोरांनी ऐकली ती रेडिओवरच्या निवेदकाची, आजोबांची नव्हे.

ही लहर अजून येते, पण ऐकू येत नाही. लोक म्हणतात, "नागपूर आता लागत नाही." आम्ही गेली दोन-तीन वर्षे खिशात मावणारा एक छोटा ट्रान्झिस्टर घेऊन ओळखीच्या घरांतून हिंडतो आहोत. घरात खरखर, अंगणात थोडी कमी, शेतात गेलो की नागपूर स्वच्छ. वीज गेली की घरातसुद्धा स्वच्छ! वीज जाण्याचा असाही फायदा होतो, हे आपल्याकडे तरी सांगायला नको.

म्हणजे दोष नागपूरचा नाही, रेडिओचाही नाही. तो आपल्या घरातल्या बोर्डावर आहे. पूर्वी घरात विजेवर चालणारे काय होते? पिवळा बल्ब, पंखा, फार तर ट्यूबलाईट. पिवळा बल्ब ही नुसती तापलेली तार, ती रेडिओला काही करत नाही. ट्यूबलाईट लागताना दोन-तीनदा कडकड व्हायची, पण तिच्या स्टार्टरच्या डबीत काचेच्या नळीशेजारी एक छोटा कपॅसिटर बसवलेला असे. ती डबी ज्यांनी लहानपणी फोडून पाहिली त्यांना आठवेल. तो कपॅसिटर रेडिओतली खरखर कमी करण्यासाठीच होता. रेडिओ घरातला मानाचा पाहुणा होता, त्याची काळजी बाकीच्या वस्तू घेत असत.

आता जानेवारी २०१५ नंतरचे घर पाहा. उजाला योजना आली, देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. वीज वाचली, बिल कमी झाले, चांगलेच झाले. पण एलईडीला सरळ २३० व्होल्ट चालत नाहीत. तिच्या बुडाशी एक छोटे सर्किट असते. ते वीज सेकंदाला हजारो वेळा तोडते आणि जोडते. असेच सर्किट मोबाईलच्या चार्जरमध्ये, सेटटॉप बॉक्सच्या अडॅप्टरमध्ये, राऊटरच्या अडॅप्टरमध्ये. जिथे वीज इतक्या झपाट्याने तुटते-जुळते तिथे रेडिओ-लहरी तयार होतातच. एका आकड्याच्या नव्हे, तर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पाढ्याने.

या पाढ्याची एक गंमत सांगतो. अशा अडॅप्टरमध्ये ६५ किलोहर्ट्झ हा वेग फार चालतो. का? तर विजेच्या उपकरणांनी किती गोंगाट करावा याची आंतरराष्ट्रीय मर्यादा साधारण १५० किलोहर्ट्झपासून पुढे मोजायला लागतात. ६५ ची दुप्पट १३०, म्हणजे मर्यादेच्या अलीकडे. सर्वांत जोरदार दोन लहरी मोजणीच्या बाहेर राहतात. कारखानदाराची सोय झाली. आता पुढचा पाढा आपण म्हणू. पासष्ट सक्के तीनशे नव्वद. पासष्ट साते चारशे पंचावन्न. पासष्ट अठ्ठे पाचशे वीस. पासष्ट नवे पाचशे पंच्याऐंशी. ५८५! बरोबर नागपूर. जगात कुठेतरी कुणीतरी आपल्या सोयीचा आकडा निवडला, आणि त्याचा नववा पाढा आपल्या आजीच्या भजनावर येऊन बसला. चांगल्या अडॅप्टरमध्ये ही लहर आतच अडवायला एक-दोन कॉईल आणि कपॅसिटर घालतात. स्वस्त मालात पहिली काटछाट होते ती याच सुट्या भागांची, कारण ते नसले तरी बल्ब लागतोच, चार्जर चालतोच. गिऱ्हाईक कशाला तक्रार करील?

उपाय साधा आहे. एका संध्याकाळी ट्रान्झिस्टर बॅटरीवर ५८५ ला लावायचा आणि घरातली एकेक वस्तू बंद करत जायचे. बटण बंद करून भागत नाही, अडॅप्टर सॉकेटमधून काढायचा. कुठल्या वस्तूने खरखर थांबली ते लगेच कळते. बहुधा दहा वस्तूंतली एक किंवा दोनच मुख्य अपराधी निघतात. ती वस्तू बदला, किंवा रेडिओपासून लांब दुसऱ्या बोर्डावर लावा. दोन-चार हातांच्या अंतरानेही पुष्कळ फरक पडतो. दुसरे, मध्यम लहरीच्या रेडिओत आत एक काळी फेराईटची कांडी असते, तीच त्याचा एरिअल. ती कांडी एका दिशेला बहिरी असते. रेडिओ टेबलावर सावकाश फिरवत जा. एका कोनात खरखर खाली बसते आणि नागपूर वर येते. वर ओढायची चकचकीत कांडी मध्यम लहरीला काही कामाची नाही, ती एफएमची. ती कितीही ओढली तरी नागपूर येत नाही, तुटते मात्र लवकर.

पंख्याच्या रेग्युलेटरबद्दल एक वाक्य. टक-टक असे टप्पे पडणारा रेग्युलेटर बहुधा कपॅसिटरचा, तो शांत. टप्पे न पडता गुळगुळीत फिरणारा असतो तो विजेची लाट सेकंदाला शंभर वेळा मधेच कापतो आणि रेडिओत घर्र असा आवाज भरतो.

हे आम्ही इतके का लावून धरले, ते आता सांगतो. आपल्याच समाजातल्या एका घरी वयोवृद्ध आजी आहेत. नाव-गाव सांगत नाही. त्यांचे कान तल्लख, डोळे मात्र गेलेले, त्यामुळे रेडिओ हाच त्यांचा दिवस. वर्षभरापासून त्या म्हणू लागल्या, "रात्री रेडिओत कोणीतरी टिचक्या मारतो. सकाळी नसतो." घरच्यांनी ऐकले तर काही नाही, कारण घरचे ऐकणार दुपारी. मग "आजींना भास होतात" असे ठरले. वयच आहे, असे म्हणून गोळी सुरू करावी काय, इथवर बोलणे गेले. आजींनीही मग सांगणे सोडून दिले. त्या रेडिओच लावीनाशा झाल्या. हे आम्हाला त्यांच्या सुनेने सहज बोलता-बोलता सांगितले.

आम्ही रात्री आठ वाजता ट्रान्झिस्टर घेऊन गेलो. टिक. टिक. टिक. घड्याळ लावून पाहिले, साधारण सेकंदाला एक. घरातली सगळी वीज मेन स्विचवरून बंद केली, तरी टिक चालूच. म्हणजे घरातली वस्तू नव्हे. मागच्या दारी गेलो तर टिक वाढली. घरामागे धानाचे शेत, आणि त्याला रानडुकरांसाठी तारेचे कुंपण. कुंपणाला झटका मशीन. कान्हाच्या जंगलाकडून डुकरे येतात, आपल्या भागात हे मशीन आता बांधाबांधावर आहे. ते सेकंदाला एक झटका तारेत सोडते. तार गवताला किंवा ओल्या खुंटाला टेकली की तिथे ठिणगी पडते, आणि ठिणगी म्हणजे साक्षात रेडिओ-लहर. जगातले पहिले वायरलेस संदेश ठिणगीनेच गेले होते. शेतकरी दिवस मावळला की मशीन सुरू करणार, उजाडले की बंद करणार. म्हणून रात्री टिचक्या, सकाळी नाहीत. आजी अक्षर न् अक्षर खरे बोलत होत्या.

शेतकरी दादा भले माणूस. त्यांनी तारेखालचे गवत कापले, एक फुटलेला इन्सुलेटर बदलला. त्यांचाही फायदा झाला, कारण ठिणगीत जाणारा झटका डुकरापर्यंत पोचत नव्हता. टिक पार गेली नाही, पण इतकी बारीक झाली की भजन वर राहते. गोळीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने "आवाज येतो" असे म्हटले, तर डॉक्टरकडे अवश्य न्या, पण त्याआधी ते म्हणतात त्या वेळी त्यांच्या शेजारी बसून एकदा ऐका, एवढी आमची विनंती आहे.

आता फोन. टीव्हीला जोडलेला स्पीकर किंवा होम थिएटर चालू आहे, शेजारी साधा बटणांचा फोन ठेवला आहे. फोन वाजण्याच्या एक-दोन सेकंद आधी स्पीकरमधून टिर-टिटि-टिर-टिटि असा आवाज येतो. पोरांना वाटते स्पीकरला आधीच कळते. कळते तर खरेच! जुन्या पद्धतीचा, म्हणजे टू-जी फोन, अखंड बोलत नाही. टॉवरच्या एका फ्रिक्वेन्सीवर आठ जण पाळीपाळीने बोलतात. प्रत्येकाची पाळी एका सेकंदात सुमारे २१७ वेळा येते. घंटी वाजण्याआधी फोन आणि टॉवर यांची बोलणी होतात, तेव्हा फोन सेकंदाला २१७ वेळा उघड-मीट करतो. स्पीकरची वायर एरिअलसारखी ती लहर उचलते. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीला आठ सेंटिमीटर वायरही पुरते. मग ॲम्प्लिफायरमधला ट्रान्झिस्टर तिचा अर्थ लावतो, म्हणजे लहर फेकून देतो आणि उघड-मीट तेवढी ठेवतो. हेच काम जगदीशचंद्र बोसांनी गॅलिनाच्या खड्याकडून करून घेतले होते, त्याचे अमेरिकन पेटंट १९०४ चे. आपला ॲम्प्लिफायर न सांगता तेच करतो. ज्यांच्याकडे पेटी आहे त्यांनी खालच्या सप्तकातली पांढरी सहा दाबून पाहावी. ती २२० ची. फोनची घरघर तिच्या किंचित खाली लागते.

आपल्याकडे हा आवाज शहरापेक्षा मोठा येतो. टॉवर लांब असला की फोन जोर लावून बोलतो, पार दोन वॉटपर्यंत. नागपुरात टॉवरखाली बसलेला फोन कुजबुजतो, आपल्याकडचा ओरडतो. फोर-जीच्या फोनमध्ये पाळीची ही पद्धत नाही, म्हणून ती टिरटिर कमी झाली. कानाला यंत्र लावणाऱ्या मंडळींनी मात्र लक्षात ठेवावे, साधा फोन त्या यंत्राजवळ नेला की हीच घरघर थेट कानात येते. फोन स्पीकरवर टाकून हातभर लांब धरावा. आणि स्पीकरमध्ये सतत घोंऽऽ असा एकसुरी आवाज असेल, तर तो फोनचा नव्हे. तो अर्थिंगचा. त्यासाठी वायरमनला बोलवावे, राऊटरला शिव्या देऊ नयेत.

राऊटरचा गुन्हा वेगळा. ब्लूटूथ स्पीकरवर गाणे तुटत तुटत येते, हा तो गुन्हा. ज्येष्ठांना आठवेल, रेडिओ बाळगायला पोस्टात जाऊन दरवर्षी लायसन्सचे पैसे भरावे लागत. १९३३ च्या कायद्याने वायरलेस यंत्र घरात ठेवणे हाच सरकारी परवान्याचा विषय होता. मग २००५ च्या जानेवारीत सरकारने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी लायसन्समुक्त केला. आपल्या भाषेत सांगायचे तर ती निस्ताराची जमीन झाली. कोणीही गुरे चारावी, पण दुसऱ्याच्या गुरांनी गवत खाल्ले म्हणून तक्रार चालणार नाही. नियमातच तसे आहे. मग वायफाय तिथे आले, ब्लूटूथ तिथे आले, वायरलेस माऊस तिथे आला. मायक्रोवेव्ह ओव्हन तर २४५० वर आधीपासून बसलेलाच. ब्लूटूथची लहर शहाणी आहे. ती ७९ खोल्यांत सेकंदाला १६०० वेळा उड्या मारते, आणि २००३ पासूनच्या आवृत्तीत गर्दीच्या खोल्या टाळतेसुद्धा. पण घरात वायफायने पट्ट्याचा एक हिस्सा व्यापला, शेजाऱ्याच्या वायफायने दुसरा, आणि ओव्हन सुरू झाला, तर बिचारी जाणार कुठे? राऊटरमध्ये पाच गिगाहर्ट्झची सोय असेल तर टीव्ही आणि फोन त्यावर टाका, खालचा पट्टा ब्लूटूथला मोकळा होतो. राऊटर आणि स्पीकर एका कपाटात शेजारी-शेजारी ठेवू नका. फोन मागच्या खिशात आणि स्पीकर पुढ्यात असला तरी गाणे तुटते, कारण मधे आपण असतो. माणूस म्हणजे बराचसा पाणी, आणि पाणी ही लहर पिऊन टाकते.

वायरलेस बेलचे प्रकरण तर आपल्या गल्लीतच झाले आहे. एकाच दुकानातून एकाच खोक्यातल्या बेला घेतल्या की शेजारच्याचे बटण दाबल्यावर आपली बेल वाजते. खरखरीशी त्याचा संबंध नाही, फक्त कोड एक असतो. बहुतेक बेलमध्ये कोड बदलायची सोय असते, कागद वाचावा.

आपल्या घरातला हा गोंगाट दुसऱ्या कुणाला किती जाचतो, ते पाहायचे असेल तर कधी पुण्याकडे गेलात की नारायणगावजवळ खोडदला जा. तिथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. जागा निवडताना पाहिले ते हेच, की डोंगरांच्या आडोशाला माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट कमी असावा. लाखो-कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणारा हायड्रोजनचा आवाज तिथे ऐकतात. आणि त्यांना त्रास कशाचा? विजेच्या तारेवरच्या ठिणग्यांचा, मोबाईल टॉवरचा, मोबाईलचा. म्हणजे त्या आजींचा आणि त्या शास्त्रज्ञांचा त्रास एकच. मुळात हे शास्त्र जन्मले तेच खरखरीतून. अमेरिकेत कार्ल जान्स्की नावाचा तरुण इंजिनिअर टेलिफोन कंपनीसाठी खरखरीची कारणे शोधत होता. विजांचे कडाडणे वजा केले, तरी एक बारीक सूं उरली, आणि ती रोज चार मिनिटे आधी परत येत होती. तारे रोज चार मिनिटे आधी उगवतात. १९३३ मध्ये त्याने जाहीर केले, ती सूं आकाशगंगेची.

शेवटी आपल्या मांडवाचे. वायरलेस माईक आणि त्याचा रिसीव्हर यांमध्ये माणसांची भिंत नको. रिसीव्हर जमिनीवर, ॲम्प्लिफायरच्या मागे ठेवलेला आम्ही दरवर्षी पाहतो. तो डोक्याच्या वर, मोकळ्यावर हवा. माळांचे अडॅप्टर आणि माईकची वायर एका बोर्डावर नकोत. दहा दिवस माळा लागतात, तेवढे दहा दिवस आसपासच्या घरांत रेडिओ बंद पडतो, हेही ध्यानात असावे. काही जुने माईक ७०० मेगाहर्ट्झच्या घरातले आहेत. २०२२ च्या लिलावात त्यातला भाग फाइव्ह-जीला गेला. टॉवर सुरू झाला की तो माईक घसा बसल्यासारखा होणार. नवा घेताना आकडा पाहून घ्यावा. आणि शेजारच्या मांडवाशी फ्रिक्वेन्सी आधीच वाटून घ्यावी, नाहीतर त्यांच्याकडचे हरवलेल्या चपलांचे निवेदन आपल्या मंत्रपुष्पांजलीत ऐकू येईल.

यंदाच्या आरतीसाठी आम्ही कार्यकारिणीकडून एक वायरचा माईक मागून घेतला आहे. तो दिसायला जुना आहे, पण त्याला कोणाशी जमीन वाटून घ्यावी लागत नाही. ज्यांच्याकडे नागपूर लागत नाही त्यांनी विसर्जनानंतर आमच्याकडे नाव द्यावे. रविवारी संध्याकाळी ट्रान्झिस्टर घेऊन येऊ. जेवणाचा आग्रह नको, चहा चालेल. घरातले सगळे अडॅप्टर मात्र आधी शोधून ठेवा, कपाटामागचेसुद्धा.

गणपती बाप्पा मोरया!